टिपायचं, पुसायचं नाही

माझ्याकडे हल्ली काही माणसं चेहरा घेऊन येतात आणि काही रेकॉर्ड घेऊन. दोघांनाही मी त्याच स्टुलाकडे बोट दाखवते आणि दोघांसाठी तेच मशीन लावते. चेहरेवाले कमी झालेत, कारण भाईंदर पूर्वेचा पार्लरचा गाळा मी सोडला आणि उरलंसुरलं सामान घेऊन घरच्या मागच्या खोलीत आले. रेकॉर्डवाले मात्र वाढलेत. शेजारच्या हंसाबेननी एकदा जिन्यात एका पत्ता शोधणाऱ्याला सांगितलं, "सेकंड फ्लोअर, राइट साइड. रेकॉर्ड का फेशियल वहीं होता है." तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये या धंद्याचं तेच नाव पडलंय.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर पहिल्यांदा वाटलं, पार्लरच्या गोष्टी लिहाव्यात. नवऱ्या मुली, त्यांच्या आया, त्यांच्या होणाऱ्या सासवा आणि त्या सगळ्यांच्या भुवया. पण त्या गोष्टी खुर्चीतच राहिलेल्या बऱ्या. छापून आल्या तर अर्ध्या भाईंदरशी माझं बोलणं बंद होईल. म्हणून या दुसऱ्या धंद्याचं लिहितेय. यातली गिऱ्हाइकं बोलत कमी आणि ऐकत जास्त असतात.

रेकॉर्ड खरं तर माझ्या नाहीत, ह्यांच्या. ह्यांना रविवार सकाळ म्हणजे जुन्या बाजारात रेकॉर्ड धुंडाळण्यासाठीच असते असं वाटायचं. परळची खोली सोडून आम्ही इथं राहायला आलो तेव्हा टेम्पोतून भांड्यांच्या आधी रेकॉर्डचे खोके उतरले होते, त्यावरून मी जे तोंड सोडलं ते चहा होईपर्यंत थांबलं नव्हतं. घरात हवा खेळायला जागा नाही आणि माळ्यावर गाणी! हे गेले, आणि मग मी त्या माळ्याकडे बरेच महिने बघितलंच नाही. बघितलं तेव्हा खाडीच्या दमट हवेनं आपलं काम करून ठेवलं होतं. प्रत्येक रेकॉर्डवर पांढरी बुरशी, कुठे ठिपके, कुठे अख्खी जाळी.

पहिली रेकॉर्ड मी पदरानं पुसली. वरून चकचकीत झाली आणि लावल्यावर भजी तळल्यासारखा आवाज आला. तेव्हा माझ्यातली पार्लरवाली जागी झाली. चेहरा नुसता पुसून स्वच्छ होतो का? वरचं निघतं, आतलं आणखी आत जातं. आधी वाफ द्यायची, आतला मळ मऊ होऊ द्यायचा, तो आपणहून वर आला की अलगद टिपायचा. टिपायचं, पुसायचं नाही. हे वाक्य मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला इतक्यांदा ऐकवलंय की त्या माझ्या पाठीमागे माझी नक्कल करायच्या. रेकॉर्डचंही तसंच असणार असं मला वाटलं. कोपऱ्यात फेशियलचं स्टीमर होतंच.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेकॉर्डवर ज्या बारीक रेघा दिसतात ते चर असतात आणि गाणं त्या चरांच्या भिंतींवर कोरलेलं असतं. पिन त्या चरातून चालते. चरात धूळ, तेल, बुरशी काहीही असलं तरी पिन ते गाणं समजूनच वाजवते, बिचारीला काय कळतंय. आपल्याला तो चर मोकळा करायचा असतो. मधल्या कागदाला पाणी लागू नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं बसवते. स्टीमरमध्ये नळाचं पाणी घालायचं नाही, त्यातले क्षार पांढरे होऊन रेकॉर्डवर बसतात. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी दुकानात मिळतं, ते घालायचं. वाफ लांबून द्यायची आणि रेकॉर्ड सतत फिरती ठेवायची. एका जागी धरली की ती पापडासारखी वाकडी होते, आणि मग तिला जगातलं कुठलंही ब्युटी पार्लर सरळ करू शकत नाही. मग मऊ ब्रश, तोही चराच्या दिशेनं गोल गोल. आडवा कधीच नाही. शेवटी मलमलीचा तुकडा ठेवायचा आणि नुसता दाबायचा.

आणि एक गोष्ट. पडली की काचेसारखी फुटते ती जुनी जाड रेकॉर्ड लाखेची असते. तिला वाफ अजिबात दाखवायची नाही. भाईंदर पश्चिमेचे एक शेठ अशा रेकॉर्डचा अख्खा गठ्ठा घेऊन आले होते. मी नाही म्हटलं तर त्यांना वाटलं, मी भाव खातेय. "बेन, थोडा स्टीम मारो ने, क्या फरक पडता है?" शेवटी मी त्यांना म्हटलं, "शेठ, लाख की चूडी गरम पानी में डालोगे क्या?" तेव्हा त्यांनी गठ्ठा छातीशी धरला आणि चहासुद्धा न घेता निघाले. वाटेत कुठे ऊन लागेल अशी भीती वाटली असावी.

मीरा रोडचा एक मुलगा मात्र माझ्या कायमच्या लक्षात राहिलाय. हेडफोन गळ्यात, केस माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपेक्षा चांगले राखलेले. "आंटी, स्क्रॅच निकल जायेगा ना?" मी म्हटलं, "बेटा, दाग निकलता है. जखम नहीं." तरी त्यानं सगळ्या रेकॉर्ड साफ करून घेतल्या. मग कळलं, त्याच्याकडे प्लेयरच नाही, भिंतीवर लावायच्या होत्या! मी कपाळाला हात लावला. माझ्याच प्लेयरवर एक लावून त्याला समोर बसवलं. पूर्ण बाजू संपेपर्यंत तो हलला नाही. नंतर त्यानं सेकंडहँड प्लेयर घेतला आणि मला व्हिडिओ कॉल करून ऐकवला. ही माझी फी समजा.

पण मला सांगायचंय ते तात्यांचं.

तात्यांना त्यांची सून वर्षा घेऊन आली. वर्षा माझी जुनी गिऱ्हाईक, भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहणारी. तात्या ऐंशीच्या पुढचे, उन्हानं रापलेले, पायांचे तळवे फुटून कडक झालेले. सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते त्यांनी वर्षाकडेही दिलं नव्हतं.

"ताय, तुमी रेकाटला वाफ देताव ना?" त्यांनी विचारलं.

"देते. दाखवा."

टॉवेल उघडला. छोटी रेकॉर्ड होती, दोन बाजूंना दोन गाणी असतात तसली. वर्षानं मला सगळं समजावलं. तिची सासू, यमुनाबाई, मोरव्याची धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे सगळे विधी जिच्या गाण्यावर चालतात ती बाई. ती धवले म्हणायला लागल्याशिवाय कुणी हळदीला हात लावत नसे. फार वर्षांपूर्वी मुंबईच्या कुणा कंपनीची माणसं आली होती आणि त्यांनी आसपासच्या चार बायकांना गोळा करून हळदीचं गाणं भरून नेलं होतं. सगळ्याजणी मिळून गायल्या होत्या. फक्त शेवटचं कडवं यमुनाबाईंचं एकटीचं.

"आणि तेच वाजत नाही," वर्षा म्हणाली. "तिथं आलं की पिन उडते आणि सरळ कागदापाशी जाऊन घसरते. आता माझ्या केतकीचं लग्न आहे ना. आईंनी तिला लहानपणापासून सांगून ठेवलेलं, तुझ्या हळदीला मीच गाणार. आई गेल्या. केतकी म्हणते, डीजे नंतर, आधी आजी. आजीनं शब्द दिलाय."

मी रेकॉर्ड दिव्याखाली धरली. शेवटच्या चरांवर, मधल्या कागदाला लागून, एक जाड ठिपका होता. खाली पिवळा, वर लाल, थरावर थर चढून कडक झालेला. मला ओळखायला वेळ लागला नाही. हळदकुंकू होतं. आणि त्यावर बोट उमटलेलं होतं, अनामिकेचं, बायका कुंकू लावतात त्या बोटाचं.

"हे कुणी लावलं?"

"तिनंच," तात्या म्हणाले. "दसऱ्याला. मी माजा फावडा पुजाचो. मी बोललो, तुजा हत्यार कनचा? ती बोलली, माजा गला. आता गल्याला आपल्याच हातानं कुकू कसा लावाचा? मंग ही रेकाट ठेवली फावड्याच्या बाजूला. दर दसऱ्याला लावाची."

सांगताना ते हसत होते. मीही हसले. आणि हसता हसता, सवयीनं, कापूस ओला करून त्या ठिपक्यावर नेला.

"पुसाचा न्हाय!"

मी इतकी दचकले की कापूस खाली पडला. तात्यांनी रेकॉर्ड माझ्या हातातून काढून घेतली होती आणि टॉवेलात गुंडाळायला लागले होते. वर्षा म्हणाली, "तात्या, पुसल्याशिवाय वाजणार कसं?" ते तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "ती गेली तवा कपाली कुकू होता, ताय. कुकवानं गेली. मी जितेपनी तिचा कुकू पुसू?"

आणि निघून गेले. वर्षा जिन्यातून परत वर आली, सॉरी म्हणाली आणि रडवेली होऊन खाली पळाली.

त्या दुपारी माझ्यानं दुसरं काम झालं नाही. हे गेले त्या दिवशी कुणीतरी नात्यातल्या बाईनं माझं कपाळ पुसलं होतं. तिचा चेहरा आठवत नाही, तळहात आठवतो. खसकन, एका फटक्यात, जसं ओट्यावरचं सांडलेलं पुसतात. त्यानंतर नवऱ्या मुलींच्या आया मला मेकअपला आठवणीनं बोलवत राहिल्या आणि हळदीच्या वेळी मात्र प्रेमानं म्हणायच्या, "तुम्ही बसा ना मावशी, दमला असाल." मीही बसायचे. मी कधी भांडले नाही, पण मला लागायचं, आजही लागतं. म्हणून तात्यांचा मला राग आला नाही. उलट वाटलं, बायकोचं कुंकू असं छातीशी धरणारा माणूस बघायला मिळाला.

पण त्या पोरीची हळद जवळ आली होती आणि आजीचा शब्द त्याच कुंकवाखाली अडकला होता. मी स्टीमरकडे बघत बसले होते आणि आयुष्यभर घोकलेलं माझंच वाक्य मला आठवलं.

रिक्षा करून मी मोरव्याला गेले. तात्या ओटीवर बसले होते. मला बघून आत जायला उठले.

"तात्या, मी पुसणार नाही," मी म्हटलं. "हातच लावणार नाही. नुसती वाफ देणार. त्यांचं कुंकू त्यांचं तेच उतरेल. खाली आलं की मी टिपून घेईन. पुसणं वेगळं आणि टिपणं वेगळं. माझा सगळा धंदा त्यावर चाललाय."

तात्या परत ओटीवर टेकले. मग त्यांनी विचारलं, "आनि पानी? ज्या पान्यात उतरेल तो?"

खरं सांगते, पाण्याचा मी विचारच केला नव्हता. पाणी मोरीत जातं, आणखी कुठे जाणार.

"टाकाचा न्हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळा होता, कामावरच्या माणसाचा. "थालीत घ्याचा. मी उन्हात ठेवीन. पानी जातं, ताय. मीठ ऱ्हातं. माजा जल्म त्यातच गेला. कुकू पन ऱ्हाईल."

वाफ देणारी मी, पण वाफ झाल्यावर मागे काय उरतं ते त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं स्टीमर चालवून मला ते सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "मग कुंकू तरी कशाचं असतं तात्या? हळदीचंच ना. केतकीच्या हळदीत घालू."

तात्या आत गेले आणि टॉवेलात गुंडाळलेली रेकॉर्ड घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि वर्षा आले. तात्यांनी घरून स्टीलची थाळी आणली होती, घासून लखलखीत केलेली. मी झाकणं बसवली, रेकॉर्ड थाळीवर तिरकी धरली आणि स्टीमर लावलं. वाफ यायला लागली. तात्या स्टुलावर पुढे झुकून बसले होते आणि वर्षा त्यांच्या मागे उभी होती.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. ठिपका नुसता ओला झाला आणि त्याचा रंग उजळला, आताच लावल्यासारखा. तात्यांनी मान हलवली. मी वाफ काढून घेतली, रेकॉर्ड निवू दिली, परत वाफ दिली. घाई करून चालत नाही. कडक झालेल्या गोष्टीला मऊ व्हायला तिचा वेळ लागतो, आणि त्या वेळात रेकॉर्ड तापता कामा नये. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा एक थेंब सुटला. पिवळट लाल. चरांवरून वाट काढत काठापर्यंत आला, तिथं थांबला आणि थाळीत पडला.

वर्षानं तोंडावर हात ठेवला.

मग थेंबामागून थेंब आले. बोटाचा ठसा आधी कडेनं सुटला, मग मधून. थोडा वेळ नुसती पिवळी सावली राहिली, सगळ्यात खालची, सगळ्यात पहिल्या दसऱ्याची असेल. ती जाताना तात्यांनी हात जरासा पुढे केला आणि परत मांडीवर ठेवला. मी वाफ थांबवली.

"थांबू का, तात्या?"

"नको," ते म्हणाले. "जातं हाय, जाऊ दे. पोरीसाटी जातं हाय."

शेवटचा ओलावा मी मलमलीनं टिपला आणि तो तुकडाही थाळीतच पिळला. रेकॉर्ड काळीभोर झाली होती. बोट गेलं होतं. ते पुन्हा कुठेच दिसणार नव्हतं, आणि हे आम्हाला तिघांनाही कळत होतं. केलेल्या कामाबद्दल बरं वाटावं की वाईट, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

सुकल्यावर लावून बघायला हवी होती. पण तात्या ऐकायला तयार होईनात. "आता न्हाय. तिनं हलदीला गाईन सांगितलाय. हलदीलाच ऐकाचा." ठीक आहे. पण पिन उडतेय की नाही ते मला बघायला नको का? मी आवाज पूर्ण बंद करून रेकॉर्ड लावली. ज्यांच्याकडे प्लेयर आहे त्यांना माहीत असेल, आवाज बंद केला तरी पिनमधून मुंगीएवढा आवाज येतोच. तेवढाही कुणाच्या कानावर पडू नये म्हणून मी वर्षाला स्वयंपाकघरातून मिक्सर आणायला लावला आणि रिकामाच फिरवला. त्या घरघराटात आम्ही तिघं डोळे ताणून पिनकडे बघत होतो. ती ठिपक्याच्या जागेवर आली. मी श्वास रोखला. ती चालत राहिली, अगदी कागदाजवळ जाऊन थांबेपर्यंत. मिक्सर बंद केल्यावर हंसाबेन दारात उभ्या होत्या आणि विचारत होत्या, "शुं थयुं? चटणी इतना देर?"

तात्यांनी थाळी स्वतः उचलली. जिना उतरताना, रिक्षात बसताना त्यांनी तिच्यातलं पाणी हिंदकळू दिलं नाही.

हळदीचं आमंत्रण वर्षानं मला घरी येऊन दिलं. मी गेले, केतकीच्या केसांचं बघायला म्हणून. मोरव्यात अंगणातच मांडव घातला होता. एका बाजूला डीजेवाल्यांची खोकी उंच रचलेली आणि दुसऱ्या बाजूला स्टुलावर माझा प्लेयर. डीजेवाला पोरगा त्याच्याकडे असा बघत होता की जणू हे यंत्र चावेल. त्यानंच वायर जोडून प्लेयरचा आवाज त्याच्या मोठ्या खोक्यात सोडून दिला.

ऊन उतरायला लागलं होतं. केतकी पाटावर बसली होती, पिवळ्या साडीत. बायका जमल्या. मी माझ्या नेहमीच्या जागी, मागच्या खुर्चीत जाऊन बसले. तेवढ्यात तात्या घरातून आले. त्यांच्या हातात एक लहानशी वाटी होती. जवळ आणून त्यांनी ती मला दाखवली. तळाला चिमूटभर पूड होती, विटकरी रंगाची.

"बगा," ते म्हणाले. "ऱ्हायला."

मी त्यात ओली हळद कालवली. कालवताना माझ्यातली पार्लरवाली गप्प बसेना. "तात्या, जुनं कुंकू आहे, चेहऱ्याला नको हं. पोरीला पुरळ उठेल, उद्या लग्न आहे. पायाला लावू."

"पायालाच लावतात पयली," ते म्हणाले. "तुमी लावा."

"मी? मी नको. सवाष्णी आहेत ना."

मागून कुणीतरी हळूच म्हणालंही, "त्या कशाला?" तात्यांनी ऐकलं. ते त्या बाजूला वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यमुनेची हलद हाय ही. यमुना सवाष्न हाय. हिनं नुसता हात द्याचा."

वर्षानं माझा दंड धरून मला उठवलं. केतकीनं पाय पुढे केले. "मावशी, थंड आहे का? मला गुदगुल्या होतात," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या, म्हणून मला बसता आलं. पार्लरमध्ये मी किती नवऱ्या सजवल्या असतील, पण हळदीत बुडालेलं स्वतःचं बोट मी त्या दिवशी किती वर्षांनी बघितलं.

केतकीनं डीजेवाल्याला खूण केली आणि त्यानं भीत भीत पिन ठेवली.

चौघी गायला लागल्या. त्या मोठ्या खोक्यांतून त्यांचा आवाज साऱ्या मोरव्यावर गेला. म्हाताऱ्या बायकांनी पुढचे शब्द आधीच म्हणायला सुरुवात केली. मी केतकीच्या घोट्यांवर हळद फिरवत होते. एकेक कडवं सरत होतं आणि मला कळत होतं आता ती जागा येणार. मिक्सरच्या आवाजात बघितलं होतं ते खरं होतं ना? पिन उडाली तर काय? बाकीच्यांनाही ठाऊक होतं, कारण एकेक करून सगळ्या गप्प झाल्या. चौघींचा आवाज थांबला. इथंच उडायची ती.

पिन उडाली नाही. त्या खोक्यांतून, सगळ्या अंगणात, एका बाईनं घेतलेला श्वास ऐकू आला. खोल, पोटातून घेतलेला, पुढे लांबचं गायचं असतं तेव्हा घेतात तसा. आणि मग यमुनाबाई एकट्या गायला लागल्या.

केतकी रडत होती. वर्षाही. मी हळद लावत राहिले, कारण थांबले असते तर मलाही सावरता आलं नसतं. तात्या मात्र रडत नव्हते. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, मान थोडी तिरकी करून, शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली तर ऐकावं तसे.

कडवं संपलं. पिन कागदाजवळ जाऊन थांबली.

"तवा ही लग्नात भोंग्यावर वाजाची," तात्या म्हणाले, कुणाला असं नाही. "भोंग्यावर कुटं ऐकू येतोय. श्वास घेतलान बगा तिनं. तिच्या कुकवाखालीच होता."

केतकी हळदीच्या पायांनी उठायला लागली. "आजोबा, परत लावू? परत लावूया ना."

"नको गो," तात्या म्हणाले. "इतक्या वर्सांनी गायली. दमली आसंल."